वाचकांचे प्रश्न : टाळलेली भीती आणि स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायची वाक्ये

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. ती चोपडा, नंदुरबार, भुसावळ आणि पाचोरा या भागांतून आली असून लिहिणाऱ्यांची वये आणि परिस्थिती अगदी वेगळी आहे. तरीही नकोशा वाटणाऱ्या भावनेचे करायचे काय, आणि एरवी नीट समजलेली गोष्ट ऐन वेळी हाताशी का येत नाही, हे दोन प्रश्न चारही पत्रांत आहेत. पत्रलेखकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातील शेतकरी आहे, वय ४८. गेल्या वर्षी मे महिन्यात वादळ झाले आणि कापणीला आलेली माझी केळीची बाग अर्ध्या तासात आडवी झाली. पंचनामा झाला, विम्याची रक्कम थोडीफार आली, पण विकासोचे (गावच्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे) कर्ज तसेच राहिले. तेव्हापासून वारा सुटला की छातीत धडधडते आणि हात गार पडतात. मळ्यात जाणे मी जवळजवळ सोडून दिले आहे, मुलगाच सगळे पाहतो. सोसायटीकडून आलेले एक पाकीट दोन महिन्यांपासून कपाटावर पडून आहे, ते मी फोडलेले नाही. फोन वाजला की तो मुलाच्या हातात देतो. घरचे म्हणतात, विचार करू नका. मी तसा प्रयत्न करतो, पण जितका विचार टाळावा तितका तो जास्त येतो. कधी कधी जगण्यात राम नाही असेही वाटून जाते. आमच्या घरात अहिराणी बोलतात, शुद्ध लिहिण्यात काही चुकले असल्यास सांभाळून घ्यावे.

उत्तर : भाऊ, आपले पत्र अगदी स्पष्ट आहे, त्यात सांभाळून घेण्यासारखे काही नाही. मात्र जगण्यात राम नाही असे वाटून जाते, या वाक्यापासूनच मला सुरुवात केली पाहिजे. हा विचार नुसता येऊन जातो, की त्याबरोबर जीवाचे बरेवाईट करावे असेही मनात येते, हे पत्रावरून मला कळत नाही. म्हणून हे उत्तर वाचून पूर्ण होण्याचीही वाट न पाहता ही गोष्ट आधी पत्नीला किंवा मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती विनामूल्य आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, तेथेही एकदा दाखवून यावे. घरात किंवा मळ्यातल्या खोलीत फवारणीची औषधे असतील, तर ती कुलपात ठेवून किल्ली सध्या मुलाकडे द्यावी. हे सांगताना मला संकोच वाटत नाही आणि आपणही तो मानू नये, कारण मन खचलेल्या काळात धोकादायक वस्तू हातापासून दूर असणे ही जीव वाचवणारी गोष्ट आहे.

आता आपण विचारलेल्या प्रश्नाकडे येते. घरच्यांनी मायेपोटी दिलेला ‘विचार करू नका’ हा सल्ला आपल्याला का लागू पडत नाही, याचे उत्तर डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९८७ मधील एका प्रयोगात सापडते. त्यांनी काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटे मनात येईल ते बोलायला सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार मात्र करायचा नाही आणि तो आलाच तर घंटी वाजवायची, अशी अट घातली. घंटी वाजतच राहिली. पुढे त्यांना तो विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्या विद्यार्थ्यांपेक्षा यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. विचार दाबायचा म्हणजे तो आला की नाही हे सतत तपासत राहायचे, आणि त्या तपासण्यातच तो जागा राहतो. तेव्हा आपला निर्धार कमी पडला असे मानून स्वतःला दोष देऊ नये.

भीती टिकण्याचे दुसरे कारण आपण नकळत पत्रातच लिहिले आहे. फोन मुलाच्या हाती दिला की त्या क्षणी हायसे वाटते, पाकीट कपाटावर सरकवले की तेवढा दिवस बरा जातो. हे हायसे वाटणेच घात करते. टाळल्यामुळे सुटका झाली असा अनुभव मनाला प्रत्येक वेळी मिळतो, आणि त्या पाकिटाला किंवा वाऱ्याला आपण सामोरे गेलो असतो तर काय झाले असते, हे कळण्याची संधी मात्र त्याला कधीच मिळत नाही. वर्षभरात आपली भीती कमी झाली नाही, याचे कारण ती फार मोठी होती हे नसून, तिच्याजवळ थांबून पाहण्याचा प्रसंगच आलेला नाही, हे असावे असे मला वाटते.

पाकीट आणि वारा यांचा विचार मात्र वेगवेगळा करावा लागेल. पाकिटात खरी माहिती आहे आणि ती न वाचल्याने मुदत टळून जाण्याचे खरे नुकसान होऊ शकते, त्यामुळे तेथे हळूहळू जाण्याचे कारण नाही. येत्या दोन-चार दिवसांत सकाळच्या वेळी पत्नी आणि मुलगा यांना घेऊन ओट्यावर बसा, पाकीट स्वतः फोडा आणि आतील कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचा. छातीत धडधडेल, मध्येच कागद खाली ठेवावासा वाटेल. थोडे थांबून पुढची ओळ वाचा. मग वहीत तीनच गोष्टी लिहा : रक्कम किती, तारीख कोणती, भेटायचे कोणाला. त्यानंतर सोसायटीच्या गटसचिवांकडे जाताना मुलाला सोबत घ्या, पण बोलणे स्वतः करा.

वाऱ्याच्या बाबतीत पायरीपायरीने जावे लागेल. वारा पडलेला असताना संध्याकाळी बांधापर्यंत जाऊन कडेच्या शेवरीपाशी थोडा वेळ उभे राहणे, ही पहिली पायरी धरू. ते जमले की बागेत शिरून दोन ओळींच्या मधून टोकापर्यंत चालत जाणे, आणि त्यानंतर पाने फडफडतील एवढ्या साध्या वाऱ्यात बागेतच थांबणे. एका पायरीवर काही दिवस काढले तरी चालतील. भीती अगदी टिपेला असताना मात्र तेथून परत फिरू नये, कारण तेव्हा परतलो तर पुन्हा तीच सुटकेची शिकवण मनाला मिळते. धडधड जराशी सैल पडेपर्यंत थांबावे. ती पूर्ण जावी अशी अपेक्षा ठेवू नये, ती असताना आपण तेथे उभे राहू शकलो हेच मोजावे. आभाळ भरून आले असेल, विजा चमकत असतील, खरे वादळ येऊ घातले असेल, तर मात्र सरळ घरी यावे. तो शहाणपणा आहे, त्याला पळणे म्हणत नाहीत.

या प्रत्येक पायरीवर स्वतःला सांगण्यासाठी एक वाक्य हवे आणि ते आपल्या घरच्या बोलीत असावे, कारण घाबरलेल्या माणसाला पुस्तकी वाक्य जवळचे वाटत नाही. मी एक सुचवते : ‘भ्याव वाटस, वाटू दे, मी आठेच शे’ (भीती वाटते, वाटू दे, मी इथेच आहे). आपल्या तोंडी बसेल तसे ते बदलून घ्यावे. ‘आता वादळ येणार नाही’ असे त्यात म्हटलेले नाही, कारण ते कोणालाच ठाऊक नाही आणि खोटा दिलासा पहिल्याच झुळकेला उडून जातो. ‘भिऊ नकोस’ असेही म्हटलेले नाही, कारण तो पुन्हा भावना दाबण्याचाच हुकूम झाला. हे वाक्य भीतीला जायला सांगत नाही. ती असताना आपण कुठे आहोत आणि काय करतो आहोत, एवढेच ते सांगते, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी खरे ठरते.

हे वाक्य भीती वाटेल तेव्हाच म्हणायचे असे ठरवले, तर ते ऐन वेळी आठवणार नाही. घाबरलेले असताना लक्ष समोरच्या धोक्यावर खिळलेले असते आणि एरवी ठाऊक असलेल्या गोष्टीही सुचत नाहीत. जे अगदी जिभेवर रुळलेले असते तेवढेच येते. केळीभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण आपण वादळ आल्यावर लावत नाही, तसेच हे आहे. म्हणून ते शांत वेळी, रोज, ठरलेल्या कामाला जोडून म्हणावे. स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा, म्हणजे मोटर सुरू करायला झाकण उघडले की ते समोर येईल आणि तेव्हा एकदा म्हणता येईल. अमुक घडले की मी तमुक करीन, अशा नेमक्या शब्दांत बांधलेला निश्चय नुसत्या इच्छेपेक्षा अधिक पाळला जातो, असे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासांतून दाखवले आहे.

एक सावधगिरीची सूचना आत्ताच देते. समजा, दोन-तीन महिन्यांत आपण बागेत निर्धास्त वावरू लागलात आणि पुढच्या मे महिन्यात वारे सुटल्यावर ती धडधड पुन्हा आली, तर केले ते सगळे वाया गेले असे समजू नका. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत हेच आढळले होते. घंटेच्या आवाजासारख्या इशाऱ्यामागून अन्न देत राहिले की नुसत्या इशाऱ्यानेही कुत्र्याला लाळ सुटू लागते. ही प्रतिक्रिया इशाऱ्यामागून अन्न न देता विझवता येते, पण काही काळ जाऊ दिला की तीच प्रतिक्रिया आपोआप पुन्हा डोके वर काढते. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी शिकवण तयार होते आणि नवी टिकवायची तर तिची उजळणी करावी लागते. तेव्हा मे महिन्यात पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी. दुसऱ्या खेपेला या पायऱ्या सहसा लवकर चढता येतात.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील असून धुळ्याला खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करते. वय २५. मुख्य परीक्षेत दोनदा अपयश आले आहे. एका व्याख्यानात सांगितल्याप्रमाणे मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ‘मी यशस्वी आहे, मी आत्मविश्वासाने परिपूर्ण आहे’ असे म्हणते. म्हणून झाल्यावर उलट जास्त वाईट वाटते, आतून कोणीतरी ‘खोटे बोलते आहेस’ असे म्हणते. सुटीत गावी जाणेही मी टाळते, कारण भेटेल तो निकालाचे विचारतो. चांगली वाक्ये वाचली की दोन दिवस उत्साह वाटतो आणि चौथ्या दिवशी सगळे विसरायला होते. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : तुमच्यात काही कमी नाही, वाक्य चुकीचे निवडले गेले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या विषयावरील अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःविषयी मत आधीच कमी असलेल्या व्यक्तींनी ‘मी इतरांनी प्रेम करावे अशी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हटले, तेव्हा त्यांना ते न म्हणणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले. ज्यांचे स्वतःविषयी मत चांगले होते त्यांना थोडा फायदा झाला, म्हणजे ज्याला गरज होती त्यालाच ते बाधले. ज्या विधानावर आपला विश्वास नाही ते मोठ्याने म्हटले की मन लगेच त्याच्या विरुद्ध पुरावे गोळा करू लागते, आणि तुम्ही ऐकता तो आतला आवाज हाच असतो. तो आवाज तुमचा शत्रू नाही, तो खरेपणाचा आग्रह धरतो आहे, आणि परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीला तो आग्रह पुढे उपयोगीच पडेल.

म्हणून आरशासमोरचे वाक्य बंद करा आणि त्या जागी असे वाक्य घ्या की जे तुमची खोलीतली मैत्रीण साक्षीदार म्हणून मान्य करील. ‘निकालाची भीती वाटत असतानाही मी सकाळी अभ्यासाला बसते, हे मी पूर्वी केले आहे आणि आजही करू शकते’ हे वाक्य फार चमकदार नाही, पण आतल्या आवाजाला त्यात खोडून काढण्यासारखे काही सापडणार नाही.

त्याआधी एक काम करावे लागेल, ते म्हणजे नेमके काय वाटते त्याला नाव देणे. तुम्ही ‘वाईट वाटते’ असे लिहिले आहे, पण गावी जाणे टाळता त्यावरून ती भीतीपेक्षा लाज असावी असे मला वाटते. आईवडिलांनी खोलीचे भाडे कुठून भरले हे ठाऊक असल्याने त्यात अपराधीपणाही मिसळला असेल, आणि बरोबरीच्या कोणाची निवड झाली असेल तर थोडा हेवाही. हेवा वाटतो हे कबूल करायला सर्वांत जड जाते, पण तो वाटतो म्हणून माणूस वाईट ठरत नाही. भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतील भीतीशी संबंधित भागाची खळबळ कमी होते, असे मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणाद्वारे दाखवले. रोज रात्री वहीत एक ओळ लिहा : आज काय वाटले आणि ते कशामुळे. सल्ला, उपाय, निर्धार त्यात लिहू नका.

गावी मात्र जा. एखादा रविवार ठरवून जा, आणि ओट्यावर बसलेल्या आजीने किंवा दुकानदार काकांनी निकालाचे विचारले तर द्यायचे उत्तर आधीच ठरवा : ‘या वेळी नाही झाले, पुढच्या वर्षी पुन्हा देते आहे.’ पुढे स्पष्टीकरण देऊ नका. पहिल्या माणसाला हे सांगताना कान तापतील आणि आवाज कापेल. दिवसभरात पाच-सहा जणांना तेच सांगून झाले की त्या वाक्यातली धार तुमची तुम्हालाच कमी झालेली जाणवेल.

चौथ्या दिवशी विसर पडतो, हा तर स्मृतीचा सर्वसाधारण नियम आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की पाठ केलेल्या गोष्टी सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक वेगाने विसरल्या जातात, मग हा वेग मंदावतो, आणि एकाच दिवशी अनेकदा घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी कमी श्रमांत अधिक टिकते. राज्यघटनेची कलमे एकदा वाचून लक्षात राहावीत असे तुम्ही कधी म्हणणार नाही. मनाविषयी समजलेली गोष्ट एकदा पटली की कायमची बसावी, ही अपेक्षा मात्र आपण सगळेच ठेवतो आणि ती बसली नाही की स्वतःला कमकुवत ठरवतो. विवेकनिष्ठ उपचारपद्धती १९५५ च्या सुमारास मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याबाबतीत फार ठाम होते. ‘मी उत्तीर्ण झालेच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ हा हेका वर्षानुवर्षे मनात म्हणून म्हणून घट्ट झालेला असतो, त्यामुळे त्याच्या जागी ‘उत्तीर्ण व्हावे असे मला फार वाटते, पण तसे न झाल्यास माझी किंमत संपत नाही’ हा विचारही जोर लावून आणि पुन्हा पुन्हाच मनाला सांगावा लागतो, असे ते शिकवत. तुमच्या अभ्यासाच्या वेळापत्रकात जिथे उजळणीचा रकाना आहे, तिथेच या वाक्याचीही एक ओळ घाला.

प्रश्न : भुसावळला राहतो, रेल्वेतून निवृत्त, वय ६७. शेजारचे स्नेही हृदयविकाराने अचानक गेले. तेव्हापासून मी दिवसातून दहा-बारा वेळा यंत्रावर रक्तदाब मोजतो. ‘मला काही झालेले नाही’ असे स्वतःला सतत सांगतो, पत्नीलाही विचारत राहतो, ‘मी बरा दिसतो ना?’ ती हो म्हणते, पाच मिनिटे बरे वाटते आणि परत तेच. चांगली वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणावीत असे आपण लिहिता. मी तेच तर करतो आहे. नामस्मरणही करतो. गुण का येत नाही?

उत्तर : काका, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळे एक महत्त्वाचा फरक स्पष्ट करण्याची संधी मिळाली. पुनरावृत्ती दोन प्रकारची असते. वर चोपड्याच्या शेतकरी बंधूंना सुचवलेले वाक्य भीतीसोबत थांबायला मदत करते. आपले वाक्य भीती घालवण्यासाठी हमी मागते. ‘मला काही झालेले नाही’ हे विधान शंभर टक्के खात्रीने कोणालाच करता येत नाही, त्यामुळे ते म्हटले की लगेच मनात ‘कशावरून?’ असा प्रश्न उभा राहतो, मग यंत्र बाहेर निघते, आकडा दोन-चार अंकांनी वर दिसतो (तो दिवसभर वरखाली होतच असतो, आणि घाबरून मोजला तर वाढलेलाच दिसतो), मग पत्नीला विचारणे होते. प्रत्येक होकाराने पाच मिनिटांची सुटका मिळते आणि पुढचा प्रश्न विचारण्याची सवय पक्की होते. कोणते वाक्य कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखायचे असेल, तर ते म्हटल्यावर आपण हातातील कामाकडे वळतो, की खात्री करून घ्यायला उठतो, एवढे पाहावे.

आधी एकदा डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी, आणि रक्तदाब किती दिवसांनी व कोणत्या वेळी मोजायचा हे त्यांच्याकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्यावे. छातीत दाब, घाम, दम लागणे अशी लक्षणे खरोखर दिसली तर अर्थातच विलंब न करता रुग्णालय गाठावे. एरवी यंत्र पत्नीच्या कपाटात राहील आणि चिठ्ठीवरील वेळेलाच बाहेर येईल, असे दोघांनी ठरवावे. आपण विचारले की काकूंनी ‘हो, बरे दिसता’ असे न म्हणता, प्रेमानेच, ‘आपले काय ठरले आहे?’ असे म्हणावे. पहिले काही दिवस आपल्याला हे कठोर वाटेल आणि काकूंनाही ते जड जाईल, म्हणून हा परिच्छेद दोघांनी एकत्र वाचावा अशी माझी विनंती आहे.

आपल्यासाठी वाक्य असे : ‘मला आत्ता खात्री हवी आहे, ती मिळणार नाही; आता फिरायला जायची वेळ आहे.’ ते म्हणून झाले की चपला घालून खरोखर बाहेर पडायचे. नोकरीत सिग्नलचे नियम आपण वर्षानुवर्षे पाळले असतील, ते त्या दिवशी मनाला कसे वाटते यावर अवलंबून नव्हते, आणि हेही तसेच पाळता येईल. नामस्मरणाविषयी एवढेच सांगते की ती श्रद्धेची बाब आहे, तिला गुण येण्या-न-येण्याच्या तराजूत तोलू नये. यंत्राला पर्याय म्हणून नाम घेऊ नका, नामासाठी नाम घ्या.

प्रश्न : पाचोरा तालुक्यातून लिहीत आहे. वय ३९. आठ महिन्यांपूर्वी माझे यजमान अपघातात गेले. दोन मुले शाळेत आहेत. सासरचे आणि माहेरचे सगळे म्हणतात, मुलांसमोर रडू नको, त्यांच्याकडे पाहून धीर धर. मी दिवसभर कामात असते, यजमानांची खोली बंदच ठेवली आहे. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली आहे. त्यांच्या नावाची घागर या वर्षी पहिल्यांदा भरायची आहे आणि त्या दिवसाच्या नुसत्या कल्पनेने पोटात गोळा येतो. माहेरी निघून जावे का?

उत्तर : ताई, आठ महिने हा फार थोडा काळ आहे आणि पोटात गोळा येणे अगदी साहजिक आहे. लोक धीर धरायला सांगतात ते मायेने सांगतात, पण आईच्या डोळ्यांत पाणी दिसले म्हणून मुले खचत नाहीत. वडिलांचा विषय घरात निघतच नाही, हे त्यांना अधिक एकटे करते. आई रडते, डोळे पुसते आणि मग डबा भरते, हे पाहिले की दुःख झाले तरी घर चालू राहते हे त्यांना न सांगता कळते.

भावनेला सामोरे जाणे म्हणजे दिवसभर दुःखातच बसून राहणे, असेही समजू नका. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधील अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले की शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत असतो, कधी बँकेचे कागद, शाळेची फी आणि नव्या जबाबदाऱ्या यांत असतो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. आपण सध्या एकाच बाजूला थांबला आहात. खोली आठवड्यातून एकदा, मुलांना सोबत घेऊन उघडा, खिडकी उघडा, झाडून घ्या, एखादी वस्तू हातात घेऊन तिची गोष्ट मुलांना सांगा आणि मग बाहेर या. स्वतःला सांगण्यासाठी वाक्य हवे असेल तर हे घ्या : ‘आठवण काढणे माझे काम आहे आणि फी भरणेही माझेच काम आहे.’ ते स्वयंपाकघरात दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ज्या दिवशी रडू आले म्हणून अपराधी वाटेल आणि ज्या दिवशी हसू आले म्हणून अपराधी वाटेल, अशा दोन्ही दिवशी ते वाचा. एक वर्ष उलटून गेल्यावरही रोजचे व्यवहार ठप्पच असतील, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांना भेटावे.

आखाजीला माहेरी जायचे की नाही, हे आपल्या मनावर आहे, पण घागर भरून झाल्यावर जावे असे मी सुचवीन. तो दिवस टाळला तर पुढच्या वर्षी तो याहून अवघड वाटेल. घागर कोणी भरायची याची प्रत्येक घराची रीत वेगळी असते, म्हणून आपल्याला त्या वेळी काय करायचे आहे, जवळ बसायचे आहे की घागरीवर डांगर (खरबूज) आणि आंबा स्वतः ठेवायचा आहे, हे दिरांना आणि सासूबाईंना चार-पाच दिवस आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी कोणी ‘तू आत जा’ असे म्हणणार नाही. मुलांनाही एक-एक काम द्या. मध्येच हुंदका आला तर सर्वांनी थोडे थांबावे, हेही आधीच बोलून घ्या. दुपारचे जेवण झाले की भावाला न्यायला बोलवा आणि दोन-चार दिवस माहेरी राहून या.